गच्चीवरची तीन गाठोडी

आमच्या गल्लीत आभाळ भरून आलं की माणसं वर बघत नाहीत, खाली बघतात. गटारीकडं. गटारीतलं पाणी नदीकडं चाललंय की नदीकडून येतंय, एवढंच आम्हाला बघायचं असतं. कोल्हापुरात नदीकाठच्या पेठेत जन्म काढला की माणसाला पुराशिवाय दुसरं संकट ठाऊकच राहत नाही. उद्या आग लागली तरी आमचे लोक आधी गाद्या गच्चीवर नेतील, माझी पैज आहे.

ह्या सगळ्यांचे म्होरके म्हणजे आमचे आण्णा, माझे वडील. एका फौंड्रीत उभा जन्म फिटर म्हणून काढला, रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून पूर हे त्यांचं खातं झालं. कुणी नेमलं नव्हतं, पगार नव्हता, पण डुलकी न काढता काम चालू. मोठ्या पुरात घरात पाणी जिथवर आलं होतं, तिथं पुढच्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी तांबड्या ऑइलपेंटनं रेघ मारून ठेवलीय. आई त्या रेघेवर कॅलेंडर लावते. आण्णा कॅलेंडर काढून दुसऱ्या खिळ्याला अडकवतात. आई पुन्हा आणते. आमच्या घरातलं कॅलेंडर वर्षभर फिरतीवर असतं.

आईनं रेघ झाकायला कारण आहे. आई फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते. त्याच पुढच्या खोलीत तिचं मशीन, दिवाण आणि साड्यांचं कपाट. मोठ्या पुराच्या वेळी कपाटाच्या खालच्या खणात गल्लीतल्याच एका मुलीचा लग्नाचा शालू होता, फॉल लावायला आलेला. पाणी उंबऱ्याला लागल्यावर आण्णांनी सगळ्यात आधी काय उचललं असेल? पाण्याची मोटार. का, तर "पाणी वसरल्यावर उपसायला लागंल की!" दोघा माणसांना न पेलणारी मोटार त्यांनी एकट्यानं गच्चीवर चढवली. खाली येईस्तोवर कपाट आडवं झालेलं होतं आणि शालू पाण्यात. पुढं आठवडाभर लाइट नव्हती, आणि ती यायच्या आत पाणी आपलं आपणच निघून गेलं. मोटार ठणठणीत कोरडी. शालू चिखलाचा.

त्या मुलीच्या आईनं एक वावगा शब्द काढला नाही. शालू पिशवीत घातला, "असू दे वैनी" म्हणाली आणि गेली. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर आईला बरं वाटलं असतं. त्या वर्षी आईची निम्मी गिऱ्हाइकं तुटली. ती परत यायला पुढं किती दिवाळ्या गेल्या ते मी बघितलंय.

तेव्हापासून आमच्या घरात एक वाक्य आहे. आमटीत मीठ जास्त झालं म्हणून आण्णा कुरकुरले की आई म्हणते, "त्या शालूचं बोला आधी." आण्णा गप्प. टीव्हीच्या रिमोटवरून जुंपली, "त्या शालूचं बोला." आण्णा गप्प. पाव्हण्यारावळ्यांसमोर, लग्नात, बारशात, कुठंही. मला लहानपणी त्याची मजा वाटायची. मोठी झाल्यावर त्यांच्या तोंडाकडं बघितलं की वाटायचं, आई, आता पुरे की. पण मी कधी बोलले नाही. आईसमोर बोलायची छाती घरात कुणाचीच नाही.

पुरानंतर आण्णांनी गच्चीवर स्वतःच्या हातानं पत्र्याचं शेड मारलं. अँगल स्वतः कापले, बोल्ट स्वतः आवळले. वारा आला तर पत्रा उडू नये म्हणून वर दोन जुने टायर आणि आजीच्या जात्याची दगडी तळी ठेवली. "हत्ती नाचला तरी हालणार न्हाय," म्हणाले. गल्लीतल्या सात घरांनी त्यांचं बघून शेडं मारली.

ही गोष्ट माघातली. सकाळी स्वेटर लागायचा, दुपारी पंखा. लग्नाचा हंगाम ऐन भरात. जयसिंगपूरच्या एका व्यापारी घरातलं मोठं काम आईकडं आलं होतं. मुलीचं लग्न मंगळवारी, फॉल-पिकोसाठी एकोणतीस साड्या, त्यात नवरीचा शालू. पुरानंतर पहिल्यांदाच कुणीतरी आईच्या हातात शालू दिला होता. आई रोज हात धुऊन, पदर खोचून त्याला हात लावायची आणि काम झालं की जुन्या धोतरात गुंडाळून ठेवायची. आम्हाला त्या कपाटाजवळ चहा प्यायची बंदी होती. रविवारी सकाळी दहाला ते लोक न्यायला येणार होते.

शनिवारी मी वारणानगरहून शाळा सुटल्यावर घरी आले. मी तिथं पाचवीला शिकवते. फोनवर इशारा आलेला होता: दुपारनंतर सोसाट्याचा वारा, विजा, अवकाळी पाऊस, काही ठिकाणी गारा. योगायोग बघा, त्याच आठवड्यात मी वर्गासाठी तक्ता केला होता, 'वादळात घ्यावयाची काळजी'. गच्चीवर जाऊ नका. पत्र्याखाली थांबू नका. हलक्या वस्तू आत घ्या. खिडक्या लावा, प्लग काढा, फोन आधीच चार्ज करा. पाचवीच्या पोरांना तो तोंडपाठ होता. म्हटलं, आपल्या घरालाही उपयोग होईल, म्हणून तो गुंडाळून बरोबरच आणला होता. चप्पल काढायच्या आत तक्ता वाचायला लागले.

आण्णांनी हात वर केला. "मास्तरीणबाई, पाऊस म्हणलं की पाणी. पाणी म्हणलं की नदी. तुज्या तक्त्यात न्हाय ते मी छातीएवढ्या पाण्यात शिकलोय."

"आण्णा, वादळ आहे हे. वरनं येणार. नदीचा काय संबंध?"

"नदीचा संबंध न्हाय?" ते इतक्या जोरात म्हणाले की समोरच्या घरातल्या काकू बाहेर आल्या. "आगं, कोल्हापुरात ऱ्हाऊन नदीचा संबंध न्हाय म्हणतीस? थांब, बगूनच येतो."

आणि खरंच गेले. माघात. अर्ध्या तासानं परत आले, कपाळाला आठ्या. मी विचारलं किती आहे पाणी, तर म्हणाले, म्हशी बसल्यात त्यांची पाठसुद्धा भिजंना. मी म्हटलं, झालं तर मग. तर मान हलवून म्हणतात, "पाणी फसवं हाय. जागचं हालंनाच."

आता ह्या माणसाला काय सांगणार, सांगा! हाललं तर पूर, नाही हाललं तर फसवं.

पुढच्या पंधरा मिनिटांत गल्ली कामाला लागली. आण्णा नदीवरून येताना दिसले म्हणजे काहीतरी आहे, असं गल्ली समजते. समोरच्या काकूंनी तांदळाची पोती गच्चीवर चढवली. कोपऱ्यावरच्या दूधवाल्यानं मोटरसायकल कट्ट्यावर घेतली. एकानं फ्रिज विटांवर ठेवला. मी दारात उभी राहून तक्ता वाचतेय, "हलक्या वस्तू आत घ्या, आत!" आणि गल्ली सगळ्या हलक्या वस्तू शिस्तीत गच्चीवर नेऊन पत्र्याखाली रचतेय. शेजारचे एक आजोबा गादी डोक्यावर घेऊन जाताना मला म्हणाले, "चांगलं वाचतीस हं."

मग आण्णा कपाटासमोर उभे राहिले. "साड्या काढ."

आई मशीनवरून उठली. "साड्यांना हात लावायचा न्हाई."

"ह्या खेपेला मला उशीर करायचा न्हाय." आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "मोटार ऱ्हाऊ दे, टीव्ही ऱ्हाऊ दे. साड्या पैल्यांदा वर."

"वर भिजतील की!"

"भिजतील? माज्या शेडात? खालीच भिजत्यात साड्या. तुलाच म्हाईत हाय ते."

आईनं एकदा त्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता शालूचं वाक्य येणार. नाही आलं. म्हणाली, "बरं. तुमी वरचं झाडून घ्या. मी बांधून देते."

इतक्या सहज? मला शंका आली. आण्णा केरसुणी घेऊन वर गेले आणि आईनं दार लोटलं. दिवाणाची फळी उचलली आणि एकोणतीसच्या एकोणतीस साड्या भराभर आत ठेवल्या, सगळ्यात वर शालू. मग दिवाणाखालची पोती ओढली. ब्लाउजच्या कापातून उरलेल्या चिंध्या आई पोत्यात साठवते, वाकळ शिवायला. त्या चिंध्या तीन जुन्या चादरीत भरून तिनं घट्ट गाठी मारल्या. मी तोंड उघडलं तर डोळ्यानंच गप्प केलं.

"लगीन झाल्यापास्नं एवढंच शिकलीया," ती हळूच म्हणाली. "न्हाई म्हणलं की ह्येंच्या अंगात येतंय. हूं म्हणायचं आन् आपलं करायचं."

आण्णा खाली आले. एकेक गाठोडं उचलून, छातीशी धरून, पायरी पायरी बघत वर नेऊ लागले. गाठोड्याला धक्का लागू नये म्हणून जिन्यात अंग तिरकं करत होते. मी आणि आई आतल्या खोलीत पदर तोंडात कोंबून हसत होतो. खोटं कशाला सांगू, पोट दुखेपर्यंत हसले मी.

साडेचारला उजेड गेला. दुपार असून पिवळट अंधार पडला आणि पन्हाळ्याच्या बाजूनं धुळीचा लोट आला. पहिल्या सपाट्यालाच समोरच्या काकूंचं वाळत घातलेलं धुणं तारेसकट गेलं. लाइट गेली. मी तक्त्याप्रमाणं पटापटा प्लग काढले, खिडक्या लावल्या. आण्णा आरामात खुर्चीत बसून गटारीकडं बघत होते. गटार कोरडी होती.

मग वर धाडकन् आवाज झाला. पाठोपाठ दुसरा. पत्रा आपटत होता.

आण्णा ताडकन् उठले. मी आडवी आले, "आण्णा, वर जायचं नाही!" त्यांनी मला बाजूला सारलं आणि जिन्याला लागले. आई ओरडली, "अहो, ऱ्हाऊ द्या! अहो, त्या चिंध्या हायत!" पण तेवढ्यात गारा सुरू झाल्या. बोराएवढ्या गारा पत्र्यावर पडायला लागल्या की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. आण्णा वर पोचले होते.

आई अनवाणी पळाली. मीही पळाले. तक्त्यात लिहिलंय गच्चीवर जाऊ नका, आणि तक्ता लिहिणारी बाई डोक्यावर पितळी परात धरून गच्चीवर चाललेली! गारा परातीवर अशा वाजत होत्या की मला स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येईना.

वर बघते तर शेडाचा निम्मा पत्रा बोल्टातून सुटून वरखाली आपटतोय. एक टायर खाली पडून गच्चीभर फिरतोय. आणि आण्णा तिन्ही गाठोड्यांवर पालथे पडलेत. दोन्ही हात पसरून, तोंड गाठोड्यात खुपसून. सदरा पाठीला चिकटलाय आणि पाठीवर गारा पडतायत. त्यांच्या बरोबर वर, वाकलेल्या पत्र्यावर, आजीच्या जात्याची तळी इंचाइंचानं सरकत होती.

माझं हसू कुठल्या कुठं गेलं.

आई त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "सोडा! चिंध्या हायत त्या! चिंध्या!" त्यांना काय ऐकू आलं देव जाणे, ते उलटे ओरडले, "तू खाली जा! मी हाय न्हवं!" मग आईनं त्यांचा एक हात धरला, मी दुसरा, आणि फरफटत ओढलं. फौंड्रीत कमावलेलं अंग ते, हालेना. शेवटी एक गाठोडं त्यांच्या मिठीत तसंच ठेवून, गाठोड्यासकट, आम्ही त्यांना जिन्याच्या खोलीत आणलं. तिघंही एकमेकांवर पडलो. आणि मागं धप्पकन् आवाज झाला.

जात्याची तळी खाली आली होती. दोन गाठोड्यांच्या मध्ये, जिथं आण्णांचं डोकं होतं तिथं. फरशीचे चार तुकडे झाले होते. पत्रा उडू नये म्हणून ठेवलेली तळी, आणि पत्रा तर दूधवाल्याच्या गच्चीवर जाऊन पडला होता.

खाली आलो. आण्णा पुढच्या खोलीत जमिनीवरच बसले, अंगाखाली पाण्याचं तळं. पाठीवर लाल वळ उठत होते. त्यांनी गाठ सोडायला घेतली. "दोन वरच ऱ्हायली," म्हणत होते. "पन शालू ह्येच्यात आसंल. ह्ये जड हाय."

आई भिंतीला टेकून उभी. जी बाई पाव्हण्यांसमोर, लग्नाबारशात बोलायची थांबत नाही, तिला आत चिंध्या आहेत एवढं सांगता येईना.

गाठ सुटली. बाहीचे काप, पायपिंगच्या पट्ट्या, अस्तराचे तुकडे, सगळ्या रंगांचा ओला लगदा फरशीवर पसरला. आण्णांनी दोन्ही हातांनी तो उकरला. तळापर्यंत. मग वर बघितलं.

मी डोळे मिटले. आण्णांचा राग अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. फौंड्रीत एकदा चुकीचा नट दिला म्हणून त्यांनी पाना भिंतीवर मारलेला, अजून तिथं खड्डा आहे म्हणतात.

"साड्या कुटं हायत?" त्यांनी विचारलं.

आईनं दिवाणाची फळी उचलली.

आण्णा गुडघ्यावर सरकत तिकडं गेले. हात पुढं केला, मग स्वतःच्याच ओल्या हाताकडं बघून मागं घेतला. मी टॉवेल दिला. त्यांनी हात पुसले, पुन्हा पुसले आणि एका बोटानं शालूच्या काठाला हात लावला.

"कोरडा हाय," म्हणाले.

"हाय," आई म्हणाली.

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मग झालं की," म्हणाले, आणि दिवाणाच्या कडेला कपाळ टेकून माझे आण्णा ढसाढसा रडले. जन्मात पहिल्यांदा बघितलं मी. आई त्यांच्याशेजारी बसली आणि त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारायला लागली. "तुमचं डोस्कं फुटलं आसतं तर? आं? त्या शालूची काय पूजा घालत बसली आसती व्हय मी? चिंध्यांसाठी मरायला निघालं हुतं माझं माणूस!" मारता मारता तीही रडायला लागली. मारलेल्या जागीच वळ होते, पण आण्णांनी हूं की चूं केलं नाही. मी हळद-तेल गरम करायच्या निमित्तानं आत गेले आणि तिथं माझं मी रडून घेतलं.

रविवारी सकाळी जयसिंगपूरचे लोक बरोबर दहाला आले. नवरीचे वडील आणि आत्या. गल्ली तेव्हा एकमेकांच्या गच्चीवरून आपापले पत्रे गोळा करत होती. समोरच्या काकूंचे तांदूळ रस्त्यावर वाळत होते. आत्याबाईंनी ते बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. पुढच्या खोलीत पाऊल टाकलं तर समोर तांबडी रेघ, कारण कॅलेंडर त्या दिवशी आण्णांच्या खिळ्यावर होतं.

"वैनी," त्या चाचरत म्हणाल्या, "काल लई वादळ झालं म्हणं हितं. शालूला काय झालं न्हाय न्हवं?"

आण्णा कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते, पाठ टेकवता येत नाही म्हणून ताठ. हा प्रश्न आला तसा त्यांनी मान खाली घातली. मलाही ठाऊक होतं आता काय येणार ते. असा प्रश्न आला की आईचं वाक्य ठरलेलं असतं. त्यात हा पुरासारखाच प्रसंग, आणि विचारणारी पावणीही नवी.

आईनं दिवाण उघडला. शालू धोतरातून काढून आत्याबाईंच्या हातात दिला.

"काय सुदिक झालं न्हाय," ती म्हणाली. "ह्येंनी वाचवल्या सगळ्या."

आण्णांनी मान वर केली. काहीतरी सांगायला तोंड उघडलं. आईनं त्यांच्याकडं बघितलं, मला गप्प करताना जशी बघते ना, तशीच. आण्णांनी तोंड मिटलं.

आत्याबाई "देवमाणूस हायसा हो पावणं" म्हणत राहिल्या. आण्णा उठले आणि एकोणतीस साड्यांच्या पिशव्या, पाठ दुखत असताना, स्वतः गाडीपर्यंत नेऊन ठेवल्या. परत आले तेव्हा आई मशीनवर बसून ओल्या चिंध्या निवडत होती, वाकळ शिवायला. त्यानंतर आजवर आमच्या घरात शालूचं वाक्य कुणी ऐकलेलं नाही, आमटी कितीही खारट झाली तरी.